तक्त्यातली सातवी ओळ

"नीट मोजा, सर. सातच येतात," असं मी म्हणालो, आणि म्हणताना माझा आवाज चढला. झालं ते एवढंच. गुरुवारची संध्याकाळची बॅच होती. खालच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वार्निश लावत होते, त्याचा वास जिन्यातून वर येत होता, आणि मगदूम सर मांडीवर गिटार घेऊन पाचव्या तारेवर बोट एकेक फ्रेट, एकेक घर पुढे सरकवत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. ओठ सहावर थांबले ते मला स्पष्ट दिसलं. सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॉर्डच्या तक्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हां. सात." बाजूला बसलेली राजनंदिनी आणि तिची मैत्रीण गालातल्या गालात हसल्या. म्हाताऱ्या माणसाला सातपर्यंत मोजता येत नाही याची गंमत वाटली असणार त्यांना. मी हसलो नाही, पण त्यांना दटावलंही नाही. पुढचा धडा घेतला, बॅच संपली, सगळे गेले, आणि मी खुर्चीत बसून राहिलो. सहावर थांबलेला माणूस तोंडाने सात म्हणाला होता आणि ते मी म्हणायला लावलं होतं.

आता हे मगदूम सर म्हणजे जयपाल मगदूम, वय वर्षं एकोणसत्तर. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यात नववी-दहावीची दोन वर्षं मलाही. उत्तर बरोबर असलं तरी रीत नसली की शून्य देणारा माणूस. मी पुस्तकाच्या मागचं उत्तर आधी बघायचो आणि मग मधल्या जागेत काहीबाही भरून ते उत्तर गाठायचो. सर वहीवर लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहायचे: रीत? पंचवीस-सव्वीस वर्षं झाली त्याला, तरी राजारामपुरीतल्या माझ्या क्लासचा लाकडी जिना ते चढायला लागले की माझी पाठ आपोआप ताठ होते. आणि हाच माणूस मला 'सर' म्हणतो. पहिल्या दिवशीच मी म्हणून बघितलं, की सर, मला गुरुप्रसादच म्हणा. त्यावर म्हणाले, शिकवणारा तो सर, यात लाजायचं काय? आमचं बोलणं म्हणजे एक सर दुसऱ्या सरांना सर म्हणतात, असं चालायचं. बायको, मीनाक्षी, त्यावरून माझी चेष्टा करायची. मला मात्र त्यात कधी गंमत वाटली नाही.

ते आले ते हौसेने आले नव्हते. जयसिंगपूरला त्यांचे थोरले भाऊ असतात, सगळं गाव त्यांना दादाच म्हणतं. नुसत्या नजरेने थप्पीतली पोती सांगणारा हा व्यापारी माणूस आता स्वतःच्या मुलाला 'पावणं, कुठनं आलासा?' असं विचारतो. वडिलांनाही शेवटी तेच झालं होतं. सरांनी हे मला पहिल्याच दिवशी, गिटारची पिशवी उघडता उघडता, एका दमात सांगून टाकलं. आमच्यात ते येतंय म्हणाले. डॉक्टर म्हणतात नवीन काहीतरी शिका, डोक्याला ताण पडेल असं, म्हणून आलो. मग चष्मा पुसून म्हणाले, "गाणी नकोत. हे कॉर्ड बनतं कसं, तेवढं सांगा." अठरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. पोरं येतात, मोबाइलवर गाणं दाखवतात, मी बोटं कुठं ठेवायची ते सांगतो, चार महिन्यांत गॅदरिंगला वाजवतात. बनतं कसं? मी म्हणालो, सांगतो की, आणि घाम फुटला.

कारण मला ते माहीतच नव्हतं. मी शिकलो आर्केस्ट्रात. गणपतीत, यात्रेत, लग्नात वाजवणारी आमची पार्टी होती आणि तीत कृष्णात गिटार वाजवायचा, मी त्याचा अँप्लिफायर उचलायचो. त्या काळी वाजवणारा आपले हात दाखवत नसे. कोण समोर येऊन उभा राहिला की कृष्णात अंग वळवून पाठ करायचा. मग मी मागून बघायला शिकलो. पाठीकडून फक्त मनगट दिसतं आणि अंगठा दिसतो. मनगट आत गेलं की एफ, सैल पडलं की जी, अंगठा वर आला की डी. अशी शिकलेली माझी गिटार. तीन वर्षांनी चंदगडच्या एका कार्यक्रमाहून परत येताना, टेम्पो घाटात बंद पडलेला असताना, त्याने आपली डायरी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, उजाडायच्या आत उतरवून घे. तिच्यात तो तक्ता होता. प्रत्येक पट्टीच्या खाली सात ओळी, सात कॉर्ड. सी पट्टीखाली सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी, ए मायनर, बी मायनर. क्लास काढला तेव्हा मी तो मोठ्या अक्षरात लिहून फ्रेम करून भिंतीवर लावला आणि येईल त्या पोराला त्याची झेरॉक्स दिली. किती दिल्या असतील कुणास ठाऊक. पुण्या-मुंबईत गेलेली पोरंसुद्धा ती वहीत चिकटवून घेऊन गेली आहेत.

सर आल्यापासून मी सकाळी अंघोळीचं पाणी तापेपर्यंत ओट्याशी उभा राहून मोबाइलवर थिअरी शिकू लागलो. सरांच्या एक धडा पुढे राहायचं, एवढाच बेत. सुरुवातीला तर मजाच वाटली, खोटं कशाला बोलू. एक सूर घ्यायचा, एक सोडायचा, पुढचा घ्यायचा. असे तीन सूर झाले की कॉर्ड. पहिल्या दोघांत चार फ्रेटचं अंतर, पुढच्या दोघांत तीनचं, की झालं मेजर. आधी तीन मग चार, की मायनर. दोन्हीकडे बेरीज सातच. वीस-पंचवीस वर्षं जे हात करत होते ते डोक्याला आता कळत होतं, आणि एके सकाळी ते कळल्यावर मला चक्क रडायला आलं. मीनाक्षीने विचारलं, काय झालं? म्हटलं, गॅसचा धूर. गॅसला कुठला धूर, म्हणाली. पण सरांचं डोकं माझ्यापेक्षा पळतं. मी पाचव्या ओळीवर होतो तोवर ते आपले आपण सातवीवर पोचले, आणि त्या गुरुवारी म्हणाले, "बी ते डी तीन, डी ते एफ तीन. तीन आणि तीन सहा. तुमच्या तक्त्यात मायनर आहे, म्हणजे सात पाहिजेत. माझं एक कुठं हरवतंय बघा." माझं हरवतंय, असं म्हणाले. तक्त्याचं म्हणाले नाहीत. मला एकदम दहावीतल्या फळ्यासमोर उभं केल्यासारखं झालं आणि तोंडातून ते निघून गेलं. नीट मोजा, सर.

सगळे गेल्यावर मी मोजलं. पाचवी तार, दुसऱ्या फ्रेटला बी. तिथून पाचव्याला डी, आठव्याला एफ. सहा. दुसऱ्या तारेवर मोजलं, सहा. आपली तरी चूक होत असेल म्हणून कागदावर काढलं, तर कागदावरही सहाच. मोबाइलवर बघितलं तर त्याला डिमिनिश म्हणतात, ना मेजर ना मायनर, आणि हे कुठल्याही नवशिक्याच्या पहिल्या पानावर असतं. वाईट म्हणजे तो आवाज मला पाठ होता. आर्केस्ट्रात आम्ही त्याला 'सस्पेन्स' म्हणायचो. नकलाकार भुताची नक्कल करायला लागला की कृष्णात तेवढा एक वाजवायचा. तो या घरातलाच, सातवा भाऊ आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी दिवा लावून तक्त्यासमोर उभा राहिलो. अठरा वर्षं माझ्या अक्षरात, निळ्या शाईत, बी मायनर. सातवं कॉर्ड कुणी वाजवतच नाही, म्हणून कुणाचं अडलं नाही, म्हणून कुणी विचारलं नाही. मग मनाने एक पळवाट काढली. कोल्हापुरातच वाढलेला मी, तालमीतली गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, की वस्ताद पठ्ठ्याला सगळं शिकवतो आणि एक डाव राखून ठेवतो. कृष्णातने मुद्दाम चुकीचं लिहून दिलं असेल. तसं असेल तर मी फसवला गेलेला शिष्य होतो, अडाणी नव्हतो. या विचाराने मला दोन दिवस झोप लागली, हे सांगायला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून कृष्णातला फोन केला. तो आता राधानगरीकडे असतो, पाच म्हशी आणि थोडा ऊस, गिटार केव्हाच विकली. पाऊस काय म्हणतो, दुधाचं काय चाललंय, असं बोलून झाल्यावर मी हसत हसत विचारलं, की डायरीतली सातवी ओळ मला मुद्दाम चुकीची दिली होतीस ना? त्याला आधी डायरीच आठवेना. मग आठवली. "आरं, त्यो तक्ता म्या मिरजंच्या एका बँडवाल्याकडनं उतरवून घेतलेला," तो म्हणाला. "खालची वळ चहा सांडून पुसट झालती. मग आपलं अंदाजानं भरलं. वरच्या तीन वळींत मायनर हुतं, म्हटलं हितंबी आसंल. का रं, चुकलं व्हय?" मी म्हटलं, नाही, सहज विचारलं. म्हणाला, "कुणी वाजवतंय कुठं त्ये." मागे म्हैस ओरडत होती. मी फोन ठेवला. डाव राखून ठेवलेला नव्हता, डावच नव्हता. चहा सांडला होता आणि त्या डागाची मी फ्रेम करून ठेवली होती.

पुढचा गुरुवार आला. सर आले की सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. वाक्यसुद्धा ठरवलं होतं. पण राजनंदिनी आणि तिची मैत्रीण आधीच येऊन बसल्या होत्या, एका पोराचे वडील चौकशीला आले होते, आणि सरांनी तो विषयच काढला नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलंच असतं, असं मी त्या वेळी स्वतःला बजावत होतो. त्यांनी विचारलं नाही कारण त्यांच्या मते तो निकालात निघाला होता. त्या दिवशी ते काहीच विचारत नव्हते. चार मात्रांचा साधा ठेका, तोही तिसऱ्यावर अडखळायचा आणि ते थांबून बोटं मोडत पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. हा माणूस फळ्याकडे तोंड करून, मागे न बघता, कोणत्या बाकावर कोण चुळबुळ करतोय ते सांगायचा. मी म्हटलं, सर, दमलात का? म्हणाले, नाही, जरा डोकं जागेवर नाही. जाताना मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. ते कठडा धरून एकेक पायरी उतरत होते आणि प्रत्येक पायरीवर थांबत होते. मला वाटलं गुडघे दुखत असतील. मग खालून त्यांचा पुटपुटता आवाज आला, अकरा, बारा, आणि तळाशी जाऊन त्यांनी वळून जिन्याकडे असं पाहिलं, की पायऱ्या बरोबर आहेत की आपण, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मी हाक मारू शकलो असतो. तोंडही उघडलं होतं. पण खालच्या दुकानात मशीन सुरू झालं आणि मी तोंड मिटलं. मशीनवर ढकलायला बरं, त्याला बोलता येत नाही.

तिसऱ्या गुरुवारी सर आलेच नाहीत. शुक्रवारी दुपारी त्यांच्या सुनेचा, आदितीचा फोन आला. नवरा अभिनंदन पुण्यात नोकरीला, ही इथे बँकेत, सासऱ्यांबरोबर राहते. आधी ती फी-बी राहिली आहे का असं काहीतरी बोलत राहिली आणि मग एकदम तिचा आवाज बसला. पप्पा दिवसभर गिटार घेऊन मोजत बसतात, म्हणाली. मग गिटार ठेवतात आणि फरशा मोजतात. सकाळी जपाची माळ घेऊन बसले तर एकशे आठ मणी तीनदा मोजले, बरोबर आले, तरी चौथ्यांदा मोजले. काल म्हणाले, "आदिती, माझं मोजणं गेलं. दादाचंबी असंच सुरू झालेलं." सोमवारी डॉक्टरांकडे नेणार होती. पण त्याआधी त्यांनी अभिनंदनला बोलावून घ्यायला सांगितलं होतं, घराच्या कागदांवर सह्या करायच्या आहेत, मी शुद्धीत आहे तोवर. "तुमच्या क्लासमध्ये काही झालं का हो, सर?" तिने विचारलं. तिला खरंच काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, मी येतो.

शाहूपुरीत पोचलो तेव्हा साडेपाच झाले असतील. त्यांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवण होतं, आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. सर पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते, गिटार भिंतीला टेकवून ठेवलेली. मला बघून उठले. उठू नका म्हटलं तरी उठले, कारण सर आले होते. वाटेत मी जुळवलेली सगळी वाक्यं चपलांबरोबर दारातच राहिली. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "सर, तुमचे सहा बरोबर होते. तक्ता चुकीचा आहे." त्यांनी मला बसवलं, पाण्याचा तांब्या पुढे केला. मग अगदी मायेने म्हणाले, "आदितीनं फोन केला न्हवं तुम्हाला?"

मी म्हटलं, केला, पण ते वेगळं. ते ऐकून घेत होते, पण नापास झालेल्या पोराच्या बापाचं ऐकून घ्यावं तसं. मी बी, डी, एफ सगळं सांगितलं, चहा सांडलेला सांगितला, कृष्णातचं नाव घेतलं. सरांनी मान डोलावली. म्हणाले, "अठरा वर्षं तक्ता भिंतीवर आहे. शेकडो पोरं त्याच्याखाली बसून गेली. एकाला चूक दिसली न्हाई आणि नेमकी मला, या वयात, या डोक्यानं दिसली? शक्यता किती, तुम्हीच सांगा." मग त्यांनीच पुढे विचारलं, "बरं, चूक तुम्हाला कळून दोन आठवडे झाले म्हणता. मग तक्ता काढला?"

"नाही," मी म्हणालो.

"अजून हाय तिथंच?"

"आहे."

"बघा," सर म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही भला माणूस आहात. पण मला बरं वाटावं म्हणून सातचे सहा करू नका, सर. त्यानं मी आणखीच बिघडंन."

जन्मात कुणी माझ्यावर एवढा विश्वास ठेवला नव्हता, आणि तो ठेवू नये म्हणून मी तिथे बसून गयावया करत होतो. खरं सांगायला आलेला माणूस खोटा ठरत होता, कारण खोटं बोलताना तो शिक्षकासारखा बोलला होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि तेही ढोंग वाटलं असतं. शेवटी मी खाली फरशीकडे बघत म्हणालो, "त्यांच्यातल्या एकालाही मी कधी मोजायला सांगितलं नव्हतं, सर. मलाच मोजता येत नव्हतं. मी मनगट बघून शिकलोय. हे बनतं कसं, ते तुम्ही यायच्या आधी मला माहीतच नव्हतं. रोज सकाळी मोबाइलवर बघून तुम्हाला शिकवत होतो."

भाकरीचा आवाज थांबला होता. आदिती दारात येऊन उभी होती, हाताला पीठ.

"मग त्या दिवशी मला नीट मोजा का म्हणालास?" सरांनी विचारलं. म्हणालास, असं म्हणाले. त्यांच्या लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक, माझ्या आलं.

"भ्यालो होतो."

"कुणाला?"

"तुम्हाला."

ते खुर्चीत मागे टेकले. चष्मा काढला, डोळे मिटले, आणि मला भीती वाटली की आता ते रागावतील, आणि नाही रागावले तर काय, याची त्याहून जास्त वाटली. आदिती हळूच म्हणाली की पप्पा, ऊन चाललंय, ताट वाढलंय. त्यांनी तिला हातानेच थांब म्हटलं. मग भिंतीला टेकवलेली गिटार उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मोज. मोठ्यानं."

मी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला बोट ठेवलं. बी, म्हणालो. मग एक. दोन. तीन, डी. बोटाला घाम आल्यामुळे तार निसटत होती. चार. पाच. सहा, एफ. तिथे थांबलो. खिडकीतलं ऊन समोरच्या घराच्या गच्चीवर गेलं होतं. सर माझ्या बोटाकडे बघत होते, तोंडावर ना राग ना हायसं, काहीच नाही.

"पुन्हा," ते म्हणाले.